अर्धं सूत

खोकं आलं ते दोरीनं आवळून बांधलेलं,
बुधवारी, टपालाच्या पिवळ्या गाडीतून.
आमच्या सॅक्सनीच्या डोंगरात मार्चमध्येही बर्फ असतो,
छपरावरून घसरला की धप्प होतं,
आणि करवत थांबवून मी उगाच बाहेर बघते.

आत त्रेपन्न ठोकळे आणि एक चिठ्ठी,
खेम्निट्सच्या बालवाडीतल्या क्रेचमारबाईंची :
"चोपन्न होते. एक हरवला,
कधी, ते कुणालाच आठवत नाही.
लांबट, उभा केला की खांब होतो, तो.
नवा संच नको.
हाच पुरा करून द्याल?"

खोक्याच्या तळाला माझ्या सासऱ्यांचा शिक्का :
एवढासा रंधा, खाली साल एक्क्याऐंशी.
तेव्हा हा देश वेगळा होता.
रंग मिळायचे दोन, एक लाल
आणि एक हिरवा, जो वाळला की करडा दिसे.
म्हणून त्यांनी लाकूड कोरंच ठेवलं.
पुढे लोक म्हणू लागले, काय ही साधेपणाची दृष्टी!
सासरे मान डोलवायचे.

मापं अजून भिंतीवर आहेत, शिसपेन्सिलीनं,
तीन, सहा, बारा.
मेपलची फळी काढली, कापली, रंधली,
कोपरे मोडले,
ओठाला लावून पाहिला
(बाळाच्या ओठाला टोचेल ते लाकूड घरी चुलीत घाला, म्हणायचे ते),
गुण्या लावला. चोख.
धाडून दिला.

नवव्या दिवशी तोच ठोकळा दारात.
"तुमचं माप बरोबर असेल,
पण आमच्या टिलोचा पूल रोज एकीकडे कलतो.
तो म्हणतो, हा ठोकळा खोटं बोलतो."

मी हसले. मग चिडले.
चार वर्षांचं पोर, आणि माझ्या गुण्याला आव्हान!
मग जुन्या खांबांतले तीन मागवून घेतले.

बारा कुठेच नाही.
एक दीड मिलिमीटरनं कमी, एक जरा जास्त कमी,
एकावर दातांची ओळ, चार वरचे, दोन खालचे.
दीड मिलिमीटर, म्हणजे अर्धं सूत.
कुठे गेलं असेल हे अर्धं सूत?
दर शुक्रवारच्या साबणाच्या पाण्यात,
फरशीवर, रागात,
हिरड्यांत,
एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात आईबापांसोबत हंगेरीला गेलेल्या
आणि सप्टेंबरात परत न आलेल्या
एखाद्या मुलीच्या तळहातात.

आमच्या माहितीपत्रकात छापलंय :
तोल शिकवतात, भूमिती शिकवतात, धीर शिकवतात.
सासऱ्यांनी वाचून चष्मा काढला होता.
"ठोकळा शिकवत नाही गं, आल्मूट.
तो फक्त कुणाची भीड बाळगत नाही."

बारीक पात्याचा रंधा घेतला.
आडव्या टोकावर, दम धरून, अकरा वेळा ओढला.
चाळीस वर्षांना अकरा ओढी.
खोटी सही करताना हात थरथरतो
तसा काहीसा माझा थरथरला,
कारण जे पोरांनी झिजवायचं होतं
ते मी एका सकाळी, रेडिओ ऐकत, झिजवत होते.
भुशाची चिमूट पडली. 
झाडली नाही दिवसभर.

शेवटी गुण्या लावला नाही.
जुने तीन आणि हा, चौघं उभे केले,
वर फळी ठेवली,
फळीवर चहाचा कप.
चहा हलला नाही.

एप्रिल गेला. चिठ्ठी आली नाही.
टिलोचा पूल उभा असावा.
किंवा पाडला असेल त्यानं, सरळ होता म्हणून,
तेही याच वयाचं काम.

भिंतीवर सासऱ्यांच्या बाराखाली
मी माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय :
खेम्निट्स, बारा उणे अर्धं सूत.
पुन्हा कुणाचा हरवला
तर आधी विचारायचं,
किती खेळलात?