दीड सूत

विनाइल काही पोटात ठेवत नाही.
हे लोरेनने मला पहिल्याच दिवशी सांगितलं,
गुडघ्यांना पट्टे बांधता बांधता.
लाकडी फळ्या सांभाळून घेतात,
गालिचा तर तोंडावर खोटं बोलतो;
या पातळ फरशा मात्र
खिळ्याचं उठलेलं डोकं, झाडताना राहिलेला वाळूचा कण,
महिन्याभरात चारचौघांत सांगून टाकतात.

डुलुथची टेकडी अशी
की माणसं घरातसुद्धा थोडी तिरकी उभी राहतात.
आर्वो केम्पाइनेनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
मार्चमधलं सुपिरियर सरोवर,
अर्धं बर्फ, अर्धं शिसं.
त्याने खिशातून गोटी काढून दारात ठेवली.
गोटी निघाली,
टेबलाखालून, किंचित वळून,
सिंकसमोर जाऊन थांबली,
पायाखालच्या वाटेने गेल्यासारखी.

‘सिल्वी तिथे उभी राहायची,’ तो म्हणाला.
‘एकेचाळीस वर्षं. जमिनीने तिचा साचा घेतलाय.
तेवढी जागा सोडून
बाकीचं सपाट करता येईल?’

लोरेनने माझ्याकडे पाहिलं,
मी पाणसळीकडे.
पाणसळीतला बुडबुडा
कुणाकडेच पाहत नाही.

दहा फुटांत दीड सूत,
आमच्या धंद्यात एवढीच माफी.
इथे नऊ सूत होतं.

आधी करड्या चौकटींचा थर उचकटला,
खाली हिरवा, ठिपक्यांचा, त्याखाली काळा डिंक
(लोरेनने आधीच तपासून आणलेला, निर्धोक),
आणि एक फिनिश वर्तमानपत्र,
त्यात कॉफीच्या डब्याची जाहिरात.
आर्वोने ती उभ्या उभ्या वाचली. किंमत मोठ्याने वाचली.

सिंकसमोरचं प्लायवूड कापलं
तेव्हा खालची तुळई काळी निघाली.
बोट लावलं तर बोट आत गेलं,
ओल्या पावात जावं तसं.
वर नळीच्या कोपऱ्याला तपकिरी रेघ, जुनी.

मला वाटलं, लोरेन काही बोलणार नाही.
ती म्हणाली, ‘हे उभं राहून झालेलं नाही, आर्वो.
पाणी आहे. वीसेक वर्षांचं, थेंब थेंब.’

त्या क्षणी मला तिचा राग आला.

आर्वो वाकला, एक हात सिंकवर ठेवून
बराच वेळ त्या भोकात पाहत राहिला.
मग हसला, खोकल्यासारखं.
‘ती सांगत होती,’ म्हणाला.
‘दर हिवाळ्यात सांगत होती.
मी म्हणायचो, बुटांच्या बर्फाची ओल आहे.’

तुळईला जोडतुळई दिली. नवं प्लायवूड,
वितीवितीवर स्क्रू, डोकी आत बुडवलेली.
लांब पट्टी फिरवून पेन्सिलीने खुणा:
उंचवट्याला फुली, खोलगटाला गोल.
फुल्या घासून काढल्या.
झाडलं. पुन्हा झाडलं. मग तळहात फिरवला,
डोळ्यांना जे सापडत नाही ते हाताला टोचतं.

मिश्रण बादलीत, पाणी मापून,
धिरड्याच्या पिठाइतकं सैल.
हातात दहा मिनिटं असतात.
ओतलं की ते आपण होऊन जातं;
खड्डा कुठे आहे
ते त्याला विचारावं लागत नाही.

रात्रभर कुणी पाय ठेवायचा नव्हता.
आर्वो दारात खुर्ची टाकून बसला
रुसिना नावाच्या मांजरीवर पहारा करत.
सकाळी चार पंजे उमटलेले होतेच.
लोरेनने तीन भरले.
चौथा फ्रिजखाली जाणार होता;
मी पाहिलंच नाही.

फरशा बसल्या. निघताना
आर्वोने गोटी दारात ठेवली.
हलली नाही.
बोटाने ढकलली तशी थोडी गेली
आणि मधेच थांबली,
कुठे जायचं ते न कळून.

मग तो कप धुवायला निघाला.
शेवटचं पाऊल त्याने
सवयीने खाली उतरायला टाकलं.
जमीन आधीच आली. टाच आपटली.
कप धुतला.
नळ बंद केला.
जरा थांबून परत, जोर लावून, बंद केला.