गाळलेली ओळ

नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीची पथारी.
दिवाळी सरली की जमीन दिसत नाही,
लाल, नुसतं लाल, डोळ्यांत मावत नाही इतकं.
आम्ही बायका उकिडव्या बसून देठ खुडतो,
किलोमागे मजुरी,
खोकल्याचे वेगळे मिळत नाहीत.

पहिल्या आठवड्यात हात पेटतात.
पाणी लावलं की आणखी पेटतात.
हे कुणी सांगत नाही, ज्याचं त्याला कळतं.
रात्री मला हात जोडता येत नसत,
तळव्याला तळवा लागला की आग,
म्हणून ओंजळ उघडी ठेवून बसायची,
भाकर मागायला आल्यासारखी.
पाळकसाहेब म्हणाले, चालेल, त्याला समजतं.

एनोख एकोणिसाव्या वर्षी ऊस तोडायला निघाला,
बारडोलीकडे, पौलूस मुकादमाच्या ट्रॅक्टरवर,
दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही.
नाताळाला सुट्टी घेऊन तसाच परत येत होता.
आला तो चादरीत.
खिशात लाल कागदाची चांदणी, चार घड्या घातलेली,
दारावर लावायची म्हणून घेतलेली.
पौलूस मातीला आला, पुढे उभा राहिला.
महिन्याने पुन्हा आला,
आणि उचलीतले उरलेले अकरा हजार
माझ्याकडून मोजून घेऊन गेला.

तेव्हापासून प्रभूच्या प्रार्थनेत
मी एक ओळ गाळत आले.
भाकरीपर्यंत सगळ्यांबरोबर,
मग ओठ मिटायचे,
मंडळी ऋणकऱ्यांवरून पुढे गेली
की परीक्षेपाशी त्यांना गाठायची.
सहा वर्षं.
शेजारच्या रिबकाच्याही लक्षात आलं नाही.
तुझ्या आलं असेल. तू काही बोलला नाहीस.

सांत्वनाला येणारे सांगायचे, सोनं आगीतून जातं.
मला सोन्याचं काय ठाऊक?
मी मिरची बघितली आहे.
उन्हात टाकली म्हणून ती शुद्ध होत नाही,
सुकते, हलकी होते,
आणि पहिल्यापेक्षा तिखट.
मी तशी होत गेले. सूनबाई साक्ष देईल.

एक मात्र खरं.
त्या ओळीएवढ्या गप्प जागेत
दर रविवारी मला वाटायचं,
कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय.
सगळे पुढे गेलेत, आणि एकजण
वाटेत चप्पल नीट केल्याचं निमित्त करून
मागे रेंगाळलाय.

यंदा पौलूस पथारीवर आला. कामाला.
ट्रॅक्टर फायनान्सवाल्यांनी नेला,
साखरेने पायाचं बोट नेलं.
तोंडाला टॉवेल बांधून आमच्या ओळीत बसला,
दुपारपर्यंत हात भाजले,
तसा उठून नळाकडे गेला.
सगळ्या बघत होत्या.
मीही बघत होते, हे लपवत नाही.
एक हात त्याने धारेखाली धरला,
ओरडला नाही, नुसता वाकला.
मला बरं वाटलं. तेही लिहून ठेव.

मग दुसरा हात पुढे करायला लागला
तेव्हा माझ्याच तोंडातून निघालं,
‘पाणी नको!’
जेवणाच्या पिशवीत शेंगदाण्याचं तेल होतं, बाटलीच्या तळाशी.
त्याने ओंजळ पुढे केली,
उघडी, थरथरती,
रात्री माझी असते तशी.
‘सलोमीबाई, ते अकरा हजार...’
म्हटलं, आधी चोळ. बोटांच्या बेचक्यांतून चोळ.

रविवारी मी भाकरीपर्यंत आले.
आपल्या भाषेत आधी आमचं सोडणं येतं,
मग तुझ्याकडे मागणं.
उलट असतं तर सोपं गेलं असतं.
ओठ उघडले. पहिले दोन शब्द आले,
तिसऱ्याला घशात मिरची उठली,
रिबकाला वाटलं खोकला, तिने पाठ थोपटली,
आणि मंडळी पुढे गेली.

दोन शब्द. सहा वर्षांत दोन.
घाई करू नकोस.
चांदणी अजून पिठाच्या डब्यामागे आहे,
घडीवर रंग उडालाय.
नाताळाला नऊ दिवस उरलेत.
खिळा ठोकून ठेवलाय दाराला,
एवढं तर केलंय.