टिंब

परसू रामा कुऱ्हाडे, राहणार विंग,
वारले कराडच्या दवाखान्यात,
म्हणून दाखला आमच्या खिडकीतून.
दाखले छापणारा प्रोग्राम माझा.

पहिल्या खेपेला छापून आलं 'कुऱ्हा'
आणि पुढं काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह.
बायडाबाईंनी कागद उलटा करून पाहिला,
उरलेलं नाव मागं असेल म्हणून.

मी हिशेब मांडला.
एकेका खुणेला तीन बाइट,
काना वेगळा, मात्रा वेगळी,
पाय मोडला त्याचेही तीन.
कुऱ्हाडे लिहायला चोवीस लागतात.
रकाना वीसचा, परक्या आडनावांच्या मापानं बेतलेला.
ड-चे दोन तुकडे आत आले,
तिसरा दाराबाहेर राहिला.

रकाना उसवला, वाढवला.
दुसऱ्या खेपेला ऱ-च्या जागी रिकामा चौकोन.
फॉन्टात ते अक्षरच नव्हतं.
त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं,
दात पडलेल्या पोराला विचारावं तसं:
"हितं काय झालं?"

फॉन्ट बदलला. तिसरी खेप.
कुर्हाडे.
रफार उडून ह-च्या डोक्यावर बसलेला.
मी म्हटलं, आता काय, वाचता येतंय की.
त्यांनी रेशनकार्ड काढलं, कागदाशेजारी ठेवलं.
"मला वाचाय येत न्हाई, बाळा.
पर आमचं नाव असं दिसत न्हाई."

गावानंसुद्धा सोडलाय हा र.
जुनी माणसं कऱ्हाड म्हणतात, लिहितात,
आमच्या शिक्क्यावर कराड.
कृष्णा-कोयनेच्या काठी एवढं मोठं गाव
मुकाट सोपं झालं.
बायडाबाई झाल्या नाहीत.

रात्री ओळ सापडली. दोनशे बारावी.
ऱ-ची फोड करायची: र, आणि खाली एक टिंब.
मग टिंब झाडून टाकायचं.
मुजावरांच्या, काझींच्या जुन्या नोंदींत
ज-खाली, फ-खाली टिंबं होती,
नाव शोधताना अडायची,
म्हणून घाईत लिहिलेली ओळ.
तिच्यावर माझाच शेरा:
अनावश्यक चिन्हे काढणे.

चौथ्या खेपेला त्यांनी पुन्हा कार्ड ठेवलं शेजारी.
बराच वेळ पाहिलं.
वाकल्या तेव्हा हनुवटीवरचं गोंदण दिसलं,
हिरवट, तिळाएवढं,
पन्नासएक वर्षं धुऊनही न गेलेलं.
"हां," म्हणाल्या. "ह्येच."

त्या विंगच्या गाडीला गेल्या.
मी ओळ पुसली, प्रोग्राम पुन्हा चढवला,
चहा मागवला.

मग आठवलं,
दोन वर्षांचे दाखले त्या ओळीतून गेलेत.
गोऱ्हे गेले असतील, वऱ्हाडे, बऱ्हाणपुरे,
आणि ते सगळे, ज्यांचं टिंब ज-खाली होतं.
खिडकीशी परत कुणी आलं नाही.
पंचवीस रुपये भरून
बदललेलं नाव घडी घालून
पिशवीत ठेवलं असेल.