झाडूगाडी

एकोणीस वर्षं मी शर्यतीची शेपटी हाकतो आहे.
गाडीच्या टपावर खराटा बांधलेला असतो, शास्त्रापुरता.
दर मे महिन्यात नीव्हेस नवा बांधून देते,
परसातल्या बर्चच्या काड्यांचा,
आणि म्हणते, एर्मेस, कुणाला झाडू नकोस फार.

पुढे काय चाललंय ते मला रेडिओवर कळतं.
कोण निसटला, कुणाला गाठलं, कुणाची साखळी उतरली.
मला दिसतं ते सगळं नंतरचं:
डांबरावर चुन्याने लिहिलेली, चाकांनी पुसत आणलेली नावं,
चेपलेल्या बाटल्या,
खुर्च्यांच्या घड्या घालून
रस्ता आपलाच असल्यासारखी निघालेली माणसं.

आज सोळावा टप्पा. मागे तिघे बसलेत.
एकाचं पोट बिघडलंय.
एक सपाटीवरचा राजा, मांड्या ओंडक्यासारख्या,
फोर्चेल्ला मोराच्या पहिल्याच वळणाला उतरला
आणि बसल्या बसल्या घोरू लागला.
तिसरं एकवीस वर्षांचं पोर,
आईला फोनवर हळू आवाजात सांगतंय,
नाही गं, फारसं नाही लागलं.

जो आत येईल त्याच्या पाठीवरचा आकडा मी काढून घ्यायचा.
दोन कागद, आठ सेफ्टी पिना.
पिना पेपरमिंटच्या डब्यात टाकतो. कागद वर जातात,
पिनांचा हिशेब कुणी मागत नाही.
आमच्या घरचे सगळे पडदे
हरलेल्यांच्या पिनांवर लटकले आहेत.

आणि समोर हा. एकशे सत्त्याऐंशी. तेल्मो व्हारांदा,
वय चौतीस, पोर्तुगालचा.
सकाळी दरीत तीनदा मागे आला,
जर्सीत सात-सात बाटल्या कोंबून पुढे गेला,
गाभण शेळीसारखा.
ज्याच्यासाठी पाणी वाहिलं
तो आता शिखरावर रेडिओत बोलतोय,
संघाचे आभार मानतोय. संघाचे.

अठरा किलोमीटर मी पहिल्या गिअरमध्ये.
क्लच जळल्याचा वास.
एक म्हातारी काठी टेकत आमच्याबरोबर चालली,
आमच्या पुढेही गेली असती, पण मला झापायला थांबली:
माणूस चढतोय, दिसत नाही? शिट्ट्या कसल्या मारतोस?
मी मारत नव्हतो. रेडिएटर मारत होता.

खिडकीतून म्हटलं, तेल्मो, ये आत. कॉफी आहे.
त्याने मान हलवली.
नाही म्हणाला की घाम झटकला, कळलं नाही.
दुसऱ्यांदा विचारलं नाही.
काही माणसांना दुसऱ्यांदा विचारलं
की ती हो म्हणतात.

वर पोचलो तेव्हा घड्याळ बंद केलेलं.
मोठ्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडत होते,
ती एका अंगाने बसत चालली होती,
बसणाऱ्या उंटासारखी.
तेल्मो खाली वाकला,
आणि कमान डोक्यावरून घासत असताना
पलीकडे गेला.
टाळी एकच वाजली, तीही हातमोज्यातली.

यादीवाल्या बाईंनी मनगट पाहिलं.
मुदतीवर चार मिनिटं दहा सेकंद.
त्या काही बोलल्या नाहीत, पेनाचं टोपण काढलं.

तो आपणहून गाडीपाशी आला,
माझ्याकडे पाठ केली,
दप्तर काढून घ्यायला शाळेतलं पोर करतं तशी.
सात पिना सुटल्या. आठवी घामाने गंजलेली,
कापडात रुतून बसली होती.
मी तिच्याशी झटत असताना त्याने विचारलं,
उद्याचा घाट कसा आहे?

तेवीस वळणं, मी म्हटलं. सावली नाही.
शेवटचे दोन किलोमीटर वारा तोंडावर.

त्याने मान डोलावली, नीट ध्यानात ठेवल्यासारखी.
मग आत चढला.
पोराने फोन खाली ठेवला
आणि सरकून जागा दिली.