हिरवं कापड

शनिवारी चारला वेदीचं कापड झटकते.
बंदरावरचा कोळसा, दर आठवड्याला तेवढाच,
हिरव्यावर काळा,
क्रुसाच्या टाक्यांत जरा जास्त.

एर्मेलिंडा कुंपणावरून विचारते,
"तुमी कोण गो? आमचीं न्हय, बिलिव्हर्सूय न्हय."
अँग्लिकन, म्हणते मी. कागदावर आता दुसरं नाव आहे.
"म्हणल्यार इंग्लेज?"
आजा माझा राहुरीचा, वास्कोला रेल्वेत सांधेवाला.
साहेब त्याच्यापुढे तीन बाकं बसायचे.
ती तीन बाकं अजून रिकामी.
आम्ही चौथ्यापासून बसतो.

रविवारी नवजीवनाची सभा झाली.
याकोब म्हणाला, गिटार आणू, पडदा लावू,
तेच तेच किती म्हणायचं?
पाळकबाई गप्प. चहा निवला.

याकोब माझा भाऊ.
घराच्या वाटणीवरून वर्षभर अबोला होता.
कबुलीचं पान तेव्हाही म्हणत होते, बावन्न वेळा,
वाण्याची यादी वाचावी तसं.
ते 'आम्ही'ने सुरू होतं,
लपायला बरं.
त्रेपन्नाव्यांदा त्या 'आम्ही'वरच घसा अडला.
पुढचा शब्द मागच्या बाकावरून आला,
त्याच्या आवाजात.
पुस्तक न उघडता.

हे मी सभेत सांगायला हवं होतं.
कपबशा विसळत बसले.

कापडाची घडी घालते, काळी बोटं पदराला पुसते.
बाहेर मालगाडी लागलीय, उघड्या वाघिणींची.
येऊ दे गिटार.
तिच्यावरही बसेल.
झटकीन.