भूपालचं नाक

बाटली आणली विलासनं.
त्याची भाची विंचूरला असते, वाईनच्या कारखान्यात,
पांढरा कोट घालून दिवसभर काहीतरी मोजते.
तिनं फोनवर बजावलं होतं:
मामा, हे ओढायचं नसतं. तोंडात थांबवायचं.

थांबवायचं म्हणजे किती,
ते विचारायचं राहून गेलं.

गच्ची आमची, राजारामपुरीतली,
टाकीशेजारी सतरंजी, कठड्यावर सांडग्यांची परात.
बूच निघेना.
उत्तमनं पॅटर्न शॉपातला तीन इंची स्क्रू पिळला,
पक्कडीनं ओढला.
अर्धं बूच हातात, अर्धं आत.
मग चहाच्या गाळणीतून,
भिशीत मिळालेल्या सरबताच्या ग्लासांत
ते उतरलं गडद,
कातडं कमावताना पाण्याला येतो त्या रंगाचं.

पहिला घोट घेतला तांबड्या रश्श्यावर.
काय कळणार!
जीभ आधीच पेटलेली,
आणि वाईन पोचली
सगळं जळून गेल्यावर येणाऱ्या बंबासारखी.
“आंबट हाय,” विलास म्हणाला.
“औषध हाय,” उत्तम म्हणाला.
प्रफुल्लानं विचारलं, चिमूटभर मीठ टाकून बघू?
मी काहीच बोलले नाही.
बाटली सातशेची होती.

कडेला भूपाल मगदूम, ताकाचा तांब्या घेऊन.
तो पीत नाही. चातुर्मासात त्याच्या घरात
कांदासुद्धा येत नाही.
पण शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवर,
बत्तीस वर्षं रवे फोडून नाकाशी धरलेला माणूस.
डोळे मिटून सांगतो: हा कागलकडचा,
हा पन्हाळ्याच्या पायथ्याचा,
ह्यात साखर घातलीय लेकानं.
“आणा इकडं,” म्हणाला.
“वासाला काय उपास नसतोय.”

तान्ह्या बाळाची टाळू हुंगावी
तसा तो ग्लासावर वाकला.

“चिपाडाचा धूर,” म्हणाला. “लांबून येणारा.”
मग, “काहिलीच्या काठाला लागतं बघ,
करपायच्या जरा आधी, ते.”
मग, “भिजलेलं गोणपाट.”
मग बराच वेळ काही नाही.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.
“आणि आमच्या अक्काची पेटी.
पातळांत मिरं ठेवायची ती.”

आम्ही ग्लास पुन्हा उचलले.
होतं की सगळं तिथं!
गोणपाट मला लगेच सापडलं,
पेटीला तीन घोट लागले.
उत्तमला नुसताच धूर,
पण तो धुरावर शपथ घ्यायला तयार.

तेव्हापासून दर महिन्याचा दुसरा शनिवार.
आता आधी पांढरा रस्सा, तांबडा अगदी शेवटी,
मधे भाकरीचा कोरडा तुकडा.
दूधकट्ट्यावर उभ्यानं ग्लास रिकामे करणारी आम्ही माणसं
आता घोट गालात धरून बसतो,
गालगुंड झालेल्या पोरांसारखी.
भाचीनं शब्द पाठवले होते, वहीत उतरवून घेतले,
एकही लागू पडला नाही.
वहीत आता भूपालचेच आहेत,
आणि एक उत्तमचा: ओतकामाची ओली वाळू.

परवा भूपाल म्हणाला,
“वास मी सांगतोय. चव कशी ते
मला कोण सांगणार?”
मी म्हटलं, तुरट.
“तुरट तर आवळापण असतोय.”
तसं नाही, म्हटलं. आधी गोड वाटतं,
आणि मग जिभेवरून कुणीतरी हात फिरवतं,
मांजराच्या पाठीवरून
केसांच्या उलट्या दिशेनं.
तो ताकाकडं बघत राहिला.
पटलं नसावं.

तेवढ्यात प्रफुल्लानं जीभ बाहेर काढली.
जांभळी.
मग आम्ही सगळ्यांनीच काढल्या,
पन्नाशी ओलांडलेली चार माणसं,
गच्चीवरच्या बल्बखाली,
त्याच्यासमोर ओळीनं.
भूपालनं चष्मा पुसला,
एकेक जीभ सावकाश पाहिली,
सौद्याला लावलेला गूळ पाहावा तशी,
आणि म्हणाला,
“उत्तमची अजून कच्ची हाय.”