पाहुणा

शाळा दुरुस्तीला गेल्यापासून
आठवी ब चा फळा कुठल्याच भिंतीवर नाही.
लिंक पाठवली की उघडतो, पांढरा,
चहूकडे ढकलता येतो, आणि त्याला कोपरा नाही;
त्यामुळे कोपऱ्यात कुणाला उभं करता येत नाही,
ही माझी पहिली अडचण.

विषय दिला: आपली खाडी.
ऐरोलीच्या पुलापासून खाली वाशीपर्यंत.
एकवीस बाण आले, ज्याच्या त्याच्या नावाची शेपटी लावून.
श्रावस्तीनं काठावर नारळ लावले.
"खाडीत नारळ?" म्हटल्यावर त्यांनाच तिवर असं नाव दिलं.
झैदनं फ्लेमिंगो चिकटवले, सेहेचाळीस,
सगळे एकाच पायावर, एकाच दिशेला तोंड;
कुणीतरी त्यातल्या एकाला चष्मा घातला.
पिवळ्या चिठ्ठ्या: प्रदूषण, प्रदूषण, प्रदूषन.

पाण्याची निळी रेघ माझी होती.
सरळ. पुस्तकातल्यासारखी.

सव्वानऊला एक बाण उगवला, बिननावाचा.
त्यावर लिहिलेलं: पाहुणा.
इतका वेळ थांबला की वाटलं, नेट गेलं.
मग त्यानं माझी रेघ पुसली.

माइकवर एकच गलका. मी म्हटलं, थांबा.

बाण थरथरत होता,
तडकलेल्या काचेवरून बोट ओढावं तसा.
पाणी त्यानं दोन जागी आत वळवलं,
पार सेक्टर दहाच्या मैदानापर्यंत.
मग एक ठिपका. शेजारी अक्षरं, शोधून शोधून एकेक:
निवटी.
चिंबोरी, पन अवसेला.
इथं पाय नको ठेवू.
इथं वाट व्हती.

यादी पाहिली. एकवीसचे वीस झाले होते,
अधिक एक पाहुणा. बेरीज तीच.
प्रांजल मढवी नव्हती.
तेवढ्यात कुणाचा तरी माइक उघडा राहिला,
मागे भांडं घासल्याचा आवाज, आणि:
"आये, सोर ना मोबाइल, माझी हजेरी जाईल!"

भांग चालू होता. होडी काठावर असणार.

मागे नेणारा बाण माझ्याच हाताशी होता,
एक टिचकी, की माझी रेघ परत.
फळ्याच्या नोंदवहीत तर लिहिलंच गेलं होतं:
पाहुणा, नऊ सतरा, एक वस्तू काढली.

मी काही बोलायच्या आत
झैद त्याचे फ्लेमिंगो उचलू लागला,
पाय नको ठेवू म्हटलेल्या जागेवरून,
एकेक करून, न सांगता.
तास संपला तेव्हा
चष्मेवाला तेवढा तिथंच होता.